रात्रीचे जागरण कोणाच्या वाट्याला?

स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाला घरी सांभाळणारे कुटुंब पुष्कळ काही सोसते. एकच प्रश्न दहा वेळा विचारला गेला तरी सोसते, चष्मा तांदळाच्या डब्यात सापडला तर हसण्यावारी नेते, नातवाला मुलाच्या नावाने हाक मारली गेली तरी कोणी मनाला लावून घेत नाही. असे कुटुंब खचते ते रात्रीमुळे. रात्री अडीच वाजता अण्णा उठतात, अंगात सदरा चढवतात, टोपी शोधतात आणि दाराची कडी काढू लागतात. दुकान उघडायला उशीर झाला, असे त्यांचे म्हणणे असते. पन्नास वर्षे पेढीवर बसलेल्या माणसाला त्यात काही वावगे वाटत नाही. शेजारच्या खोलीतील सुनेची मात्र ही त्या रात्रीची तिसरी जाग असते, आणि सकाळी सहाला मुलांच्या डब्यांसाठी तिला उभे राहायचे असते.

भारतात साठ वर्षांवरील सुमारे ७.४ टक्के लोकांना स्मृतिभ्रंश, म्हणजे डिमेन्शिया, असावा असा अंदाज एका देशव्यापी पाहणीवरून २०२३ मध्ये मांडला गेला. ही संख्या ८८ लाखांच्या घरात जाते. अल्झायमर हा त्याचा सर्वांत परिचित प्रकार. अशा रुग्णांसाठी आपल्याकडे निवासी संस्था मोजक्याच असल्याने बहुतेक रुग्ण घरीच असतात, आणि घर म्हणजे बहुधा घरातील एक स्त्री: पत्नी, सून किंवा मुलगी. रुग्णाची झोप मोडली की तिची मोडते. तिची मोडली की तिचा रक्तदाब, तिची चिडचिड, तिचे माहेरपण, सगळेच बिघडत जाते. पाश्चात्त्य देशांत वृद्धाला संस्थेत ठेवण्याचा निर्णय कुटुंबे ज्या कारणांनी घेतात, त्यांत रात्रीचे जागरण हे एक मोठे कारण असते. आपल्याकडे तो निर्णय सहसा होत नाही, एवढेच.

अशा वेळी घराची पहिली धाव झोपेच्या गोळीकडे जाते. ओळखीच्या औषधवाल्याकडून अल्प्राझोलॅम किंवा झोल्पिडेम येते. कोणी सर्दीच्या औषधाने गुंगी येते म्हणून तेच रात्री पाजतो. या गोळ्यांनी मिळते ती पुष्कळदा झोप नसून गुंगी असते. गुंगीतला वृद्ध लघवीसाठी उठतो, तोल जातो, खुब्याचे हाड मोडते, आणि मग महिनाभराचे अंथरूण. सर्दीच्या जुन्या प्रकारच्या औषधांनी तर स्मृती आणखी मंदावते आणि लघवी अडते. डिमेन्शियातील झोपेच्या औषधांचा आढावा कॉक्रेन या संस्थेने २०२० मध्ये प्रसिद्ध केला. जगभर सर्रास लिहून दिल्या जाणाऱ्या झोपेच्या गोळ्यांची या रुग्णांवर केलेली एकही योग्य चाचणी त्यात आढळली नाही. मेलाटोनिनचा उपयोग होतो असेही दिसले नाही. इंग्लंडमधील वैद्यकीय मार्गदर्शन ठरवणाऱ्या नाइस या संस्थेने २०१८ मध्येच अल्झायमरच्या रुग्णाला निद्रानाशासाठी मेलाटोनिन देऊ नये, असे सांगितले आहे. ‘नैसर्गिक आहे, अपाय नाही’ असे म्हणून मेलाटोनिनच्या रंगीत गोळ्या घरपोच मागवणाऱ्यांनी हे लक्षात घेतलेले बरे. गोळीला कधीच स्थान नाही, असा याचा अर्थ नव्हे. तज्ज्ञ डॉक्टर विचारपूर्वक, थोड्या दिवसांसाठी ती देऊ शकतात. परंतु घरातील इतर सर्व गोष्टी तशाच ठेवून गोळीवर रात्र काढण्याचा बेत फसतो.

का फसतो, हे समजण्यासाठी झोप कशी ठरते ते पाहावे लागते. मेंदूच्या तळाशी काही हजार पेशींचा एक लहानसा पुंजका असतो. शरीराचे घड्याळ ते हेच. डोळ्यांवाटे येणाऱ्या उजेडाने ते रोज सकाळी जुळवले जाते. अल्झायमरमध्ये या पुंजक्यातील पेशीही झिजतात, त्यामुळे दिवस-रात्रीची खूण पुसट होते. जे घड्याळ मुळातच मंद झाले आहे, त्याला बाहेरून मिळणारी खूण अधिक ठळक हवी. प्रत्यक्षात घडते ते उलट. आजारी माणसाला ‘शांतता’ मिळावी म्हणून आतली खोली दिली जाते. पेठेतल्या जुन्या घरांत ती खोली बहुधा अंधारी असते. डोळ्यांत मोतीबिंदू पिकत असतो आणि ‘आता या वयात काय करायचे’ म्हणून शस्त्रक्रिया लांबणीवर पडलेली असते. उजेड खोलीतही येत नाही आणि डोळ्यांतही पोचत नाही. नेदरलँड्समध्ये १२ वृद्धनिवासांतील १८९ रहिवाशांवर केलेला एक अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. तेथे बैठकीच्या दालनात दिवसभर प्रखर दिवे लावून ठेवले होते. त्याने बुद्धीची घसरण थोडी मंदावली आणि उदासीही कमी झाली. लाभ मोठा नव्हता, पण खरा होता. त्याच अभ्यासात नुसते मेलाटोनिन दिलेल्यांची मनःस्थिती मात्र उतरली.

आपल्याकडे प्रखर दिव्यांची गरज क्वचितच आहे; ऊन फुकट मिळते. दुकानावर बसणाऱ्या माणसाला ते न मागता मिळत होते. सकाळी दहाच्या सुमारास रस्त्याकडे तोंड करून गादीवर बसणे, येणाऱ्या-जाणाऱ्याचा रामराम घेणे, चार वेळा उठून फळीवरचा माल दाखवणे, दुपारी जेवायला घरी येणे आणि दिवाबत्तीनंतर हिशेब मिटवून परतणे: या क्रमात उजेड, चालणे, माणसे आणि वेळापत्रक हे चारही आपोआप आले. हिशेबात चुका होऊ लागल्या म्हणून मुलांनी वडिलांना एके दिवशी दुकानातून उठवले, ते व्यवहाराच्या दृष्टीने योग्यच. गल्ला आणि सह्या त्यांच्याकडून काढून घ्याव्याच लागतात. पण त्याबरोबर या चारही गोष्टी गेल्या, हे कोणाच्या ध्यानात आले नाही. सकाळचा एक तास त्यांना पुन्हा गादीवर बसवावे. जुन्या बिलांची एक चळत लावायला द्यावी, सुतळीचे तुकडे गुंडाळायला द्यावेत. ते काम दुकानाच्या उपयोगाचे नसेल, रात्रीच्या उपयोगाचे असते.

आणखी एक घोटाळा केवळ वेळेच्या हिशेबाचा आहे. सूर्यास्तापूर्वी जेवण उरकणाऱ्या घरांत संध्याकाळ लवकर रिकामी होते. वृद्धांना करायला काही नसते, म्हणून साडेसातलाच अंथरूण पडते. साडेसातला झोपलेला माणूस अडीचला उठला, तर त्याची सात तासांची झोप पूर्ण झालेली असते. शिवाय दुपारी दोन तास झोपला असेल तर तो जमेच्याही पुढे आहे. त्याला निद्रानाश म्हणता येणार नाही. जेवणाची वेळ बदलण्याचे काही कारण नाही. जेवण आणि अंथरूण यांमध्ये अडीच-तीन तास भरून काढायचे आहेत. प्रतिक्रमण, नातवंडांबरोबर पत्ते, गच्चीवर दोन फेऱ्या, जुन्या लग्नाचे फोटो, काहीही चालते. दुपारची डुलकी अर्ध्या तासात आवरावी आणि तीन वाजण्यापूर्वी संपवावी.

यापुढची कारणे घरच्यांना दिसत नाहीत, आणि एकट्या डॉक्टरलाही दिसत नाहीत. गुडघा दुखतो, पण ‘दुखते’ हा शब्द सापडत नाही, म्हणून रुग्ण ओरडतो. पोट साफ झालेले नसते. प्रोस्टेटमुळे तासातासाला लघवी लागते. रक्तदाबासाठी दिलेली लघवीची गोळी संध्याकाळी घेतली जाते. अल्झायमरसाठी देण्यात येणारे डोनेपेझिल रात्री घेतल्याने काहींना भडक स्वप्ने पडतात. लोह कमी असल्याने पाय वळवळतात. घोरताना मध्येच श्वास अडतो. हृदयाचे डॉक्टर वेगळे, मूत्रविकाराचे वेगळे, मेंदूचे वेगळे. प्रत्येकाची चिठ्ठी आपल्या जागी बरोबर असते. सगळ्या चिठ्ठ्या एकत्र पाहणारा कोणी नसतो. लघवीची गोळी सकाळवर नेता येईल का, डोनेपेझिल न्याहारीनंतर दिले तर चालेल का, हे दोन प्रश्न विचारायला पैसे लागत नाहीत. सगळी औषधे एका पिशवीत घालून ती कुटुंबाच्या डॉक्टरांपुढे रिकामी करावी लागते. वेळ मात्र मनाने बदलू नये.

दोन बाबतींत थांबून चालत नाही. कालपर्यंत ठीक असलेला माणूस एक-दोन दिवसांत अचानक बरळू लागला, रात्रभर जागा राहून दिवसा ग्लानीत गेला, तर तो स्मृतिभ्रंशाचा पुढचा टप्पा समजू नये. लघवीचा किंवा छातीचा जंतुसंसर्ग, पाणी कमी पडणे, क्षार बिघडणे असे काही त्यामागे असू शकते आणि त्यावर त्याच दिवशी उपचार हवेत. दुसरी बाब म्हणजे झोपेतच हातपाय झाडणे, ओरडणे, शेजारच्याला मारणे आणि जागेपणी नसलेली माणसे किंवा लहान मुले दिसणे. लुई बॉडी नावाच्या डिमेन्शियात असे घडते. अशा रुग्णाला हॅलोपेरिडॉलसारखे शांत करणारे औषध दिले गेले तर प्रकृती गंभीर होऊ शकते. ही लक्षणे डॉक्टरांना आपणहून सांगावीत. विचारतील याची वाट पाहू नये.

गोळीविना खरोखर काही साधते का, हे व्यवहारी माणूस विचारणारच. अमेरिकेतील सिअ‍ॅटल येथे सुझन मॅक्करी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग लहान, पण बोलका आहे. घरी राहणारे अल्झायमरचे ३६ रुग्ण आणि त्यांना सांभाळणारे नातलग त्यात होते. एका गटाच्या घरी प्रशिक्षित व्यक्ती सहा वेळा गेली आणि त्या घरापुरता बेत ठरवून दिला: रोज अर्धा तास चालणे, रोज तासभर प्रखर उजेड, झोपण्या-उठण्याची ठरलेली वेळ, दिवसाच्या झोपेला आळा. दुसऱ्या गटाला आजाराची सर्वसाधारण माहिती आणि धीर मिळाला. पहिल्या गटातील रुग्णांचे रात्रीचे जागेपण सरासरी ३६ मिनिटांनी कमी झाले, आणि सहा महिन्यांनीही फरक टिकून होता. छत्तीस मिनिटे हा आकडा किरकोळ वाटेल. ज्याने रात्री तीन वाजता दाराची कडी धरून उभ्या असलेल्या माणसाची समजूत घातली आहे, त्याला तो तसा वाटणार नाही.

पुढे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील पेनी रॅपपोर्ट, जिल लिव्हिंग्स्टन आणि त्यांच्या चमूने हीच दिशा धरून ‘ड्रीम्स-स्टार्ट’ हा कार्यक्रम आखला. त्याची चाचणी २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली. रुग्ण आणि त्याला सांभाळणारा अशा ३७७ जोड्या तीत होत्या. सहा बैठका होत, आणि त्या घेणारे लोक डॉक्टर किंवा परिचारिका नव्हते. त्यांना या कामाचे प्रशिक्षण दिले होते आणि त्यांच्यामागे अनुभवी मानसशास्त्रज्ञ उभे होते. नेहमीच्या उपचारांच्या तुलनेत या गटातील झोपेच्या तक्रारी आठ महिन्यांनंतरही कमी होत्या. तज्ज्ञ मोजके असले तरी त्यांचे ज्ञान इतरांच्या हातांनी घरोघर पोचू शकते, ही यातली ध्यानात घेण्याजोगी गोष्ट आहे.

आणि ती लंडनच्याही पूर्वी आपल्या शेजारी, गोव्यात, करून पाहिली गेली होती. डॉ. अमित डायस, डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांचा हा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. दोन तालुक्यांतील ८१ कुटुंबे त्यात होती. चमू अगदी आटोपशीर: बारावीपर्यंत शिकलेले, स्थानिक भाषा बोलणारे गृहसेवा सल्लागार पूर्ण वेळ, मानसोपचारतज्ज्ञ आणि समुपदेशक अर्धवेळ. सल्लागारांनी सहा महिने, निदान पंधरवड्यातून एकदा, घरी जावे, आजार समजावून सांगावा, आंघोळ, जेवण, रात्रीचे उठणे यांतल्या अडचणी ऐकाव्यात आणि गरज पडेल तेथे तज्ज्ञांना बोलवावे, अशी योजना होती. हा कार्यक्रम केवळ झोपेसाठी नव्हता. परंतु त्याचे फलित झोपेच्या प्रश्नावर नेमका प्रकाश टाकते. रुग्णाच्या लक्षणांत जो फरक पडला तो खात्रीने सांगण्याइतका नव्हता. सांभाळणाऱ्यांचे मानसिक स्वास्थ्य मात्र निश्चित सुधारले आणि रुग्णाच्या वागण्याने त्यांना होणारा मनस्ताप कमी झाला. ज्याच्या अंगावर रात्र पडते, त्याच्यापर्यंत मदत पोचली.

आपल्या गावात असा चमू तयार मिळत नाही. तो घरातूनच जमवावा लागतो, आणि व्यापारी घराला माणसे व कामे यांची घडी बसवणे नवीन नाही. सुरुवात वहीने करावी. दोन आठवडे रोजमेळासारख्या नोंदी ठेवाव्यात: अंथरुणावर किती वाजता गेले, किती वेळा उठले, उठल्यावर काय मागितले, दिवसा किती झोपले, उन्हात किती बसले, चहा शेवटचा कधी घेतला, शौचास झाले की नाही. नोंद सर्वांनी करायची, दिवसाच्या मदतनीस बाईंनीही. कित्येक घरांत या वहीतूनच कळते की दिवसपाळीत आजोबा ‘अगदी त्रास देत नाहीत’, कारण ते चार तास झोपलेले असतात. बाईंना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांना कोणी सांगितलेलेच नसते की दुपारी त्यांना जागे ठेवणे हे त्यांचे काम आहे. ही वही डॉक्टरांपुढे ठेवली की तपासणीच्या दहा मिनिटांत जे निघत नाही, ते निघते.

घरातील एकाने सूत्रे धरावीत. डॉक्टरांशी बोलणे, चिठ्ठ्यांची एकच फाइल ठेवणे आणि कोणती गोळी का बदलली ते सर्वांना सांगणे हे त्याचे काम. सूत्रे धरणारा आणि रात्री जागणारा हे दोघे वेगळे असावेत. पुण्या-मुंबईला राहणारा मुलगाही हे काम फोनवरून उत्तम करू शकतो. एरवी तो फोनवरून सल्लेच देत असतो. नातवाकडे सकाळचे फिरणे द्यावे. औषधवाला ओळखीचा असेल तर कोणत्या दोन गोळ्या एकमेकींशी जमत नाहीत हे त्याला विचारावे; चिठ्ठीशिवाय गोळी मागण्यापेक्षा ही ओळख अधिक उपयोगी. न्हाणीघरापर्यंत मंद दिवा, वाटेतील सतरंजी काढलेली, दाराची कडी नजरेच्या वर: ही कामे एका दुपारी होतात. ‘घरातली गोष्ट बाहेर कशाला’ हा संकोच पुष्कळ कुटुंबांना अडवतो, आणि ‘म्हातारचळ आहे’ म्हणून हा आजारच झाकला जातो. ज्येष्ठांसाठी १४५६७ आणि मानसिक आरोग्यासाठी १४४१६ या सरकारी दूरध्वनी सेवांवर विनामूल्य बोलता येते.

अडीच वाजता दाराशी उभ्या असलेल्या अण्णांना काय सांगायचे, हाही प्रश्नच असतो. ‘अहो, दुकान तुम्ही सोडून सहा वर्षे झाली’ हे सत्य असले तरी त्या क्षणी घाव घालणारे आहे, आणि पाच मिनिटांनी ते विसरले जाऊन पुन्हा सांगावे लागते. दुसरीकडे, असत्य बोलायला मन धजत नाही अशी माणसे आपल्या घरांत आहेत. त्यांनी असत्य बोलण्याचे कारणच नाही. ‘अण्णा, बाहेर अजून काळोख आहे. बाजार उघडलेला नाही. उजाडले की आपण बरोबर जाऊ’ यातला शब्दन्‌शब्द खरा आहे, आणि सकाळी त्यांना गादीवर नेऊन बसवले की तो पाळलाही जातो. दिवा मोठा लावू नये, वाद घालू नये, हात धरून न्हाणीघराकडे आणि मग अंथरुणाकडे वळवावे. पुष्कळदा लघवीच लागलेली असते.

इतके करूनही काही रात्री जागेच्या राहतील. हा आजार वाढत जाणारा आहे. म्हणून रविवारी सगळे एकत्र असताना आठवड्यातील सात रात्री नावनिशीवार कागदावर वाटून घ्याव्यात, मुलगे आणि जावई धरून. ज्याची रात्र असेल त्याला दुसऱ्या दिवशी दुकानावर उशिरा येण्याची मुभा असावी. रात्रपाळीची मदतनीस परवडत असेल तर आठवड्यातून दोन रात्री तरी तिला बोलवावे. आणि कागद भिंतीवर लावण्यापूर्वी एकदा वाचून पाहावा: सुनेच्या नावासमोर दोनपेक्षा अधिक रात्री आल्या असतील, तर तो फाडून पुन्हा लिहावा.